मीठ घालण्याआधीचा गोळा

दादा,

त्या संध्याकाळी तू माझ्याकडे गोड मागितलंस आणि मी तुझ्या जिभेवर गुळाचा खडा ठेवला. मला लिहायचं आहे ते एवढंच. पण एवढंच लिहून भागत नाही, म्हणून तीन दिवस वही उघडून मिटते आहे. मला लिहायला वेळ लागतो हे तुला माहीत आहे. "बाई, तुझं एक पत्र लिहून होईस्तोवर माझे चार घाणे तळून निघत्यात," असं तू म्हणायचास. जन्मभर शाळेत मराठी शिकवल्याची शिक्षा म्हणून सख्खा भाऊ मला 'बाई' म्हणत होता. आता तसं म्हणणारं कोणी उरलं नाही.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. तुझ्या सणसवाडीच्या दुकानात, तुझ्याच स्टुलावर बसून लिहिते आहे. समोर गोरखपूरचा हरिहर बेसन चाळतो आहे. वीस वर्षं तुझ्या कढईपाशी उभा राहून त्याचेही केस पांढरे झाले. खारी पायरीवर झोपली आहे. तीच, जिच्यावरून आपण सगळ्यात जास्त भांडलो.

ती आली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती. कंपनीतून सुटलेल्या कोणीतरी चहात बुडवलेल्या खारीचा तुकडा तिच्यापुढे टाकला, तो खाऊन ती तुझ्या पायरीवरच राहिली, म्हणून तिचं नाव खारी. मी म्हटलं, "कुत्रीचं असलं नाव?" तू म्हणालास, "मग काय, तुझ्या पुस्तकातलं ठिवू? निम्मी हाक मारंस्तोवर पळून जाईल ती."

मी महिन्यातून एकदा यवतहून दोन बस बदलून यायचे आणि चारची बस गाठून परत जायचे. दुपारी तू पराती पुसायला काढायचास आणि तळाशी राहिलेला सगळा चुरा तिच्यापुढे ओतायचास. शेव, पापडी, खारे दाणे, चिवडा. ती ते जिभेनं फरशी चकचकीत होईपर्यंत चाटायची आणि तू तिच्याकडे असा पाहायचास, की तेवढ्या कौतुकानं तू माझ्या निकालाकडेही कधी पाहिलं नव्हतंस.

"दादा, कुत्र्याला एवढं मीठ चालत नाही."

"तिला इचारलंस?"

"चिवड्यात मनुके असतात. मनुका तर एकही नको. कांदा, लसूण, दोन्ही नको. मी वाचलंय."

"पुस्तक कुत्र्यानं लिव्हलंय का?"

मग हरिहर हसायचा, तू हसायचास, आणि माझी बस निघायची वेळ व्हायची. आपली सगळीच भांडणं बसच्या वेळेला अर्ध्यात थांबली. मला वाटायचं, पुढच्या महिन्यात पुरी करू.

हे एक भांडण मात्र खारीनं संपवलं. एका रविवारी खोल्यांवर राहणाऱ्या कामगारांनी तिला गंमत म्हणून खाऱ्या दाण्यांचा अख्खा पुडा घातला, वर वेफर्स. संध्याकाळी ती टाकीचं पाणी पितच सुटली, मग ओकायला लागली, मग तिचे मागचे पाय लटपटू लागले. तू तिला मांडीवर घेऊन टेम्पोतून शिक्रापूरला गेलास. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, मीठ अंगात जास्त गेलं की कुत्रं असं तहानतं, ओकतं, थरथरतं, फारच गेलं तर झटके येऊन मरतं, वेळेवर आणलंत. सलाईन लावून तिला वाचवलं. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. "बाई," तू म्हणालास. "तुझं पुस्तक बरोबर निघालं."

आयुष्यात तू मला बरोबर म्हटलंस ते एवढं एकदाच.

पुढच्या महिन्यात आले तर तू नळाखाली शेव धूत होतास. चाळणीत घेतलेली बारीक शेव, वरून पाण्याची धार. शेवेचा लगदा झालेला, आणि खारी त्या लगद्याकडे आणि तुझ्याकडे आळीपाळीनं बघत होती.

"हे काय चाललंय?"

"मीठ काढतोय."

"अरे, मीठ वरून भुरभुरवलंय का? पिठात मळलंय ते. धुऊन जाईल कसं?"

"मग काय करू? पंधरा वर्षांची सवय हाय माझी, रिकाम्या हातानं परात पुसवत न्हाई."

खारी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. हिशेब तुझा कधीच बरोबर नसायचा, पण म्हणणं खरं असायचं. वहिनी गेल्यापासून परात पुसताना तुला कोणीतरी समोर लागत होतं. त्याचं उत्तर माझ्या पुस्तकात नव्हतं.

ते तू शोधून काढलंस. बेसन भिजवायला घेताना, मीठ, ओवा, हिंग, तिखट पडायच्या आधी, नुसत्या पिठाचा आणि पाण्याचा एक लिंबाएवढा गोळा बाजूला काढायचा. तिखटाच्या कढईत नाही, सकाळच्या ताज्या तेलात सगळ्यात पहिला तो तळायचा. कागदावर पसरून तेल टिपू द्यायचं. थंड झाल्यावर चार चिमटी तिला, शेजारी पाण्याचं भांडं भरलेलं. चार म्हणजे चार. तळलेलं आहे, पोटभर द्यायचं नाही. लसूण शेव ज्या दिवशी असेल त्या दिवशी सोऱ्यादेखील वेगळा. एवढा नेम तू देवाचाही पाळला नाहीस. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, भाकरी दिलीत तर सगळ्यात बरं, पण एवढ्यानं काही बिघडत नाही. मी तुला फक्त दुसरा अर्धा भाग सांगितला. पहिला सांगितला असता तरी तू म्हणाला असतास, भाकरी तर कोणीही देतं.

मग तुला पाटी हवी झाली. "तुझ्या अक्षरात लिही, पोरं वाचतील." मी घरून पुठ्ठ्यावर लिहून आणलं: 'कृपया श्वानांना खारे पदार्थ देऊ नयेत.' तू चष्मा लावून वाचलंस आणि हरिहरला दाखवलंस. "ह्यो श्वान कोण रं? नवीन सुपरवायझर आलाय का कंपनीत?" मी रागानं पुठ्ठा उलटा केला आणि मागे तू सांगशील तसं लिहिलं: 'कुत्र्यांना फरसाण घालू नका. मीठ त्यांना बाधतं. घालायचंच असेल तर मागा, अळणी शेव मिळेल.' पुठ्ठा अजून तिथेच आहे. तेलाच्या धुरानं पिवळा पडलाय, पण वाचता येतो. त्यावरून एकानं अळणी शेव मागून नेली आणि स्वतःच खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "चाचा, इसमें कुछ है ही नहीं." तू म्हणालास, "है कैसे नहीं? बेसन है. कुत्ते को समजता है, तेरे को नहीं समजता?"

आणि मग तुझी पाळी आली.

पायांना सूज आली, जिना चढताना धाप लागू लागली. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा जोर कमी झालाय. पाणी मोजून प्यायचं आणि मीठ जवळजवळ बंद. मी यवतचं घर बंद करून तुझ्या दुकानामागच्या खोलीत राहायला आले. मिठाची बरणी मी वरच्या फळीवर ठेवली, जिथे तुझा हात पोचणार नाही. सात महिने मी तुला अळणी भात, अळणी वरण, अळणी भोपळा खायला घातला. हरिहरलाही बजावून ठेवलं होतं की आतल्या खोलीत मिठाचा विषय काढायचा नाही.

तू पहिल्या आठवड्यातच हरिहरला म्हणालास, "उद्यापासून गोळे दोन काढ. एक तिचा, एक माझा." आणि खाटेवरून मला ओरडून सांगितलंस, "बाई, मी आता खारीच्या पंगतीला बसलो बघ!" दोघांसाठी एकाच कागदावर शेव यायची. तू चार चिमटी खायचास, चार तिला द्यायचास. एकदा म्हणालास, "हिला पाणी तरी पोटभर हाय." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मागितलंस किती वेळा! आधी विनोदानं. "वरची बरणी खाली बघायला लागलीय माझ्याकडं." मग रागानं. "कुत्रं न्हाई मी तुझं." मग एकदा अगदी हळू, भाताच्या ताटावर हात ठेवून: "एक चिमूट, बाई. नुसती भातावर." मी ताट उचललं आणि आत गेले. मला वाटत होतं मी तुला वाचवते आहे. खारीला वाचवलं तसं. मी शिस्तीची बाई होते आणि शिस्तीनं वर्गातली मुलं पास होतात हे मी पाहिलं होतं. त्यानंतर तू मागणं थांबवलंस. दोन महिने मिठाचं नाव काढलं नाहीस. मी मनात म्हटलं, समजलं त्याला.

शेवटच्या संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावून तुझ्याजवळ आले. तू डोळे मिटून पडला होतास. खारी खाटेखाली होती. तू माझा हात धरलास, जो तू लहानपणी जत्रेत धरायचास त्यानंतर कधी धरला नव्हतास, आणि म्हणालास, "जरा गोड दे."

मला इतका आनंद झाला, दादा! किती दिवसांनी तुला काहीतरी हवं झालं होतं आणि ते देता येण्यासारखं होतं. मी धावत जाऊन गूळ आणला. तुझ्या जिभेवर ठेवला. तू डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंस. मग हसलास. तो खडा विरघळेपर्यंत तोंड मिटून पडून राहिलास. मी विचारलं, "अजून देऊ?" तू मानेनंच नको म्हणालास. "बास. लई झालं."

सकाळी चहा घेऊन आले तेव्हा तू नव्हतास.

भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगितलं. रडत सांगितलं आणि थोड्या अभिमानानंही सांगितलं, हे आता कबूल करते. पाबळची मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "भाग्याचा गं. गोड तोंडानं गेला." शेजारचे आप्पा म्हणाले, "शेवटची इच्छा बहिणीच्या हातनं पुरी झाली, आणखी काय पायजे माणसाला?" तेराव्याला म्हणून बुंदी केली, जिलेबी केली. जन्मभर खारं विकलेल्या माणसाच्या तेराव्याला सगळं जेवण गोड. लोक जेवताना एकमेकांना तेच सांगत होते, 'गोड मागितलं अन् गेला.' मी वाढत होते आणि मला बरं वाटत होतं. तेवढंच एक बरं वाटत होतं.

परवा संध्याकाळी, तू गेल्यावर पहिल्यांदाच, मी पुढे दुकानात येऊन बसले. हरिहरनं तुझ्या फोटोपुढे उदबत्ती लावली, ट्यूबलाइट लावली आणि परातीत बेसन घेतलं. सकाळच्याऐवजी आता तो संध्याकाळीच घाणा घालतो. एकट्याला सकाळी जमत नाही. सवयीनं दोन गोळे काढून बाजूला ठेवले. मग डब्यात हात घातला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "दीदी, अब बाकी में गोड डालूँ?"

मी म्हटलं, "शेवेत गोड कशाला?"

तो गोंधळला. मूठ उघडून दाखवली. मिठाची मूठ.

"ये वाला गोड. भाऊ बोलते थे, दिया लगने के बाद इसका नाम नहीं लेने का. गोड बोलने का. हम तो बीस साल से शाम को गोड ही बोलते हैं."

दादा, मी उठून मागे गेले आणि वरच्या फळीवरच्या बरणीकडे पाहत उभी राहिले.

आई म्हणायची तसं. नदीकाठच्या आपल्या घरात दिवा लागला की मिठाचं नाव घ्यायचं नाही, घरातली लक्ष्मी जाते. 'गोड आण गं', 'आमटीत गोड घातलं का?' आणि मी, नवीनच डी.एड. होऊन आलेली, एका सुट्टीत तुम्हा दोघांना जेवताना व्याख्यान दिलं. मीठ म्हणजे मीठ, खाऱ्याला गोड म्हणणं हा अडाणीपणा आहे, शब्दानं काही घरातलं जात-येत नाही. तू म्हणालास, "बरं बाई." त्या दिवशी मला तू पहिल्यांदा बाई म्हणालास. त्यानंतर माझ्यासमोर तू मिठासाठीचा तो 'गोड' शब्द कधी उच्चारला नाहीस. मी तुझ्या तोंडून तो काढून घेतला, आणि मग माझ्याच डोक्यातूनही तो पुसून गेला. आईची भाषा सांभाळली ती गोरखपूरकडून आलेल्या माणसानं. मी मराठी शिकवत होते.

मावशीलाही तो शब्द माहीत असणार. पण तिला मी गूळ दिल्याचंच सांगितलं होतं. तिला शंका यायचं कारण नव्हतं. आता मी कोणाकोणाला जाऊन सांगू, की तो गोड तोंडानं गेला नाही? की त्यानं आईच्या शब्दात मीठ मागितलं आणि त्याला गूळ मिळाला?

दोन दिवस मी एका गोष्टीवर तग धरून होते: समजलं असतं तर मी दिलं असतं. शेवटची चिमूट, देणारच होते. पण लिहायला बसले की खोटं मला लिहिता येत नाही. समजलं असतं तर मी दिलं नसतं. मी म्हटलं असतं, "दादा, डॉक्टर काय म्हणाले?" आणि तुझा हात सोडवून उठले असते. हे तुला ठाऊक होतं. म्हणूनच तू 'मीठ' म्हणाला नाहीस. तुला वाटलं असेल, बाईकडे मागून मिळत नाही, आईच्या शब्दात मागून बघू, कदाचित बहीण ऐकेल. बहिणीलाही ऐकू आलं नाही. आणि तू हसलास. त्या हसण्याचा अर्थ मला लावता येत नाही. मी मुलांना जन्मभर संदर्भासहित स्पष्टीकरण शिकवलं.

चार दाणे मीठ तुला मारणार नव्हतं. तू दुसऱ्या सकाळी तसाही जाणार होतास. हेही मला तेव्हा कळायला हवं होतं. खारीसाठी तू वाट शोधलीस, कारण तुला तिला द्यायचं होतं. तू विचारलंस, तिला काय चालतं, किती चालतं, कसं चालतं. मी तुझ्यासाठी डॉक्टरांना एकदाही विचारलं नाही, की आठवड्यातून एका घासाला तरी चालेल का. फक्त फळी उंच निवडली.

तुझ्याबद्दल काही चांगलं लिहावं असं मनात होतं. तू मला बी.ए.ची पुस्तकं आणून दिलीस, आणि वहिनी गेल्यावरही माझ्या भाऊबिजेला दुकान बंद ठेवून आलास. पण हे आभार आता कुठे मानायचे?

खारी व्यवस्थित खाते. मी ऐकलं होतं की मालक गेला की कुत्री अन्न सोडतात. हिनं सोडलं नाही. तिच्या चार चिमटी खाते, भांडंभर पाणी पिते, आणि तुझ्या खाटेखाली जाऊन झोपते. तिला कळलं नाही की कळूनही खाते, कोण जाणे. मला तिचा थोडा राग येतो आणि मग लाजही वाटते.

आज आता, हे लिहितानाच, दिवा लागला. हरिहरनं दोन गोळे काढले आणि दुसरा परत परातीत मिसळायला निघाला. मी म्हटलं, "थांब. तो मिसळू नकोस. त्यात गोड घाल."

त्या व्याख्यानानंतर आयुष्यात पहिल्यांदा मी तो शब्द तसा उच्चारला. हरिहरनं माझ्याकडे पाहिलं आणि चिमूटभर घातलं, मळलं, खारीची शेव तळून झाल्यावर तुझी तळली, आणि कागदावर माझ्या हातात आणून दिली. गरम होती. मी ती तुझ्या फोटोपुढे धरली. मग फोटोपुढे धरून काय होणार, म्हणून मागच्या खोलीत तुझ्या खाटेपाशी नेली. खाटेवर आता गादी नाही.

वास आल्याबरोबर खारी खाटेखालून बाहेर आली, शेपूट हलवत, पुढचे दोन्ही पाय माझ्या गुडघ्यांवर टेकवून उभी राहिली. मी कागद वर उचलला. तिला ही चालत नाही. तुझ्यापर्यंत ही पोचत नाही. मी हात तसाच वर धरून उभी राहिले, जवळजवळ त्या फळीइतका उंच.